खिशात पाच कार्डं, आणि नेपाळ लांबच!

आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. पहिली ते दहावी सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. तरी हा लेख इंग्रजी विभागाला न देता इकडे दिलाय, कारण अंक हातात आला की तो गावी नेऊन आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचाय. गोष्ट तिचीच आहे. मी फक्त तिच्यात नापास झालेली नात!

तर झालं असं. आमचं गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. मी शिकायला जळगावला, हॉस्टेलवर. आजोबा गेल्यापासून आजीनं एकच धरून ठेवलं होतं, पशुपतिनाथाला जायचं. काशी झाली, रामेश्वर झालं, हेच तेवढं राहिलं. गावातल्या बायांचा एक गट गेल्या भाऊबीजेनंतर निघणार होता. भुसावळहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौलीची सीमा ओलांडून नेपाळ. पुढे लुंबिनी, पोखरा, काठमांडू.

बाबा नाहीच म्हणत होते. त्यांचंही चूक नव्हतं. २३ ऑगस्ट २०२४ चा दिवस आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. भुसावळ तालुक्यातली वरणगाव, तळवेल भागातली माणसं अशीच देवदर्शनाला नेपाळमध्ये गेली होती. पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात त्यांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले. मृतदेह हवाई दलाच्या विमानानं नाशिकला आणले आणि तिथून आपापल्या गावी नेले. त्या दिवशी आमच्या मेसमध्ये टीव्ही चालू होता आणि ताटं तशीच होती. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळमधल्या तरुणांचं आंदोलन पेटलं, काठमांडूचं विमानतळसुद्धा बंद ठेवावं लागलं. बाबांना आणखी एक कारण मिळालं.

पण आजीपुढे बाबांचं किती दिवस चालणार? शेवटी त्यांनी अट घातली, "नात बरोबर जात असेल तर जा." आजी खूश, मीही खूश. फुकटात हिमालय!

निघायच्या तीन आठवडे आधी यात्रावाल्या काकांनी सगळ्यांना कागदपत्रं घेऊन बोलावलं. मी माझी पर्स उघडली आणि त्यांच्या टेबलावर रमीचे पत्ते मांडावेत तशी एकेक कार्डं मांडली. आधार कार्ड, पॅन कार्ड, लायसन्स, कॉलेजचं आयकार्ड, एटीएम कार्ड. म्हटलं, घ्या यातलं काय पाहिजे ते!

काकांनी पाचही कार्डं परत माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "ताई, पासपोर्ट आहे का? नाहीतर मतदान कार्ड?"

पासपोर्ट नव्हता. मतदान कार्डही नव्हतं.

"मग तुमचं अवघड आहे."

मला रागच आला. हा माणूस दहावी तरी शिकला असेल का, असं मनात आलं (हेही कबूल करते). मी इंग्रजीत वाद घालायला लागले. आधार म्हणजे केंद्र सरकारचं, बोटांचे ठसे घेतलेलं, डोळे स्कॅन केलेलं, आणि ते चालत नाही म्हणजे काय? तेवढ्यात आजीनं कमरेची कापडी पिशवी सोडली आणि तिच्यातून एक पिवळं पडलेलं, कडा उसवलेलं, काळ्या-पांढऱ्या फोटोचं लॅमिनेट केलेलं कार्ड काढून पुढे ठेवलं. मतदार ओळखपत्र. काकांनी हातसुद्धा न लावता मान डोलावली, "आजींचं झालं."

ती मान वळवून मला म्हणाली, "इतली शिकनी तू, अन् तुनाजोडे एक कारड नही?"

हॉस्टेलवर आल्यावर रात्री बसून नियम वाचले. म्हटलं, काकांना खोटं पाडायचंच. पण काका शंभर टक्के बरोबर निघाले! भारत आणि नेपाळमध्ये ३१ जुलै १९५० ला मैत्री करार झाला, त्यामुळे एकमेकांच्या देशात जायला व्हिसा लागत नाही. पण व्हिसा लागत नाही म्हणजे कागद लागत नाही असं नव्हे. आपण भारतीय आहोत हे दाखवायला चालू पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र जवळ पाहिजे. १५ वर्षांच्या आतली मुलं आणि ६५ च्या वरचे म्हातारे यांना सूट आहे, त्यांना वय आणि ओळख पटवणारं दुसरं फोटोचं कार्ड चालतं, त्यात आधारही आलं. म्हणजे गंमत बघा. आजी ६८ वर्षांची. (आधारवर तिचा जन्म १ जानेवारीचा आहे, कारण खरी तारीख कोणालाच माहीत नाही. आजोबा शाळेत गेले होते म्हणून गुरुजींच्या कृपेनं त्यांची १ जून!) तर आजीकडे मतदान कार्ड नसतं तरी तिचं आधार चाललं असतं. माझं चालत नाही. एकाच घरातलं, एकाच रंगाचं कार्ड, आणि आजी सीमेपार, नात अलीकडे.

आणखी एक सवलत सापडली. कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडे मान्य कागद असला की पुरतं. बाकीच्यांना रेशन कार्ड, लायसन्स, कॉलेजचं आयकार्डसुद्धा चालतं. मी खुर्चीवरून उडीच मारली! मग खालची ओळ वाचली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, त्यांची अज्ञान मुलं आणि आईवडील. मी सज्ञान. घरी रात्री नऊनंतर बाहेर जायचं तर मी लहान असते, आणि इथे नेमकी मोठी निघाले.

आता यात आपल्या खानदेशाला थोडं मनाला लागण्यासारखं आहे. देशातलं पहिलं आधार कुठे दिलं गेलं माहीत आहे ना? २९ सप्टेंबर २०१० ला, टेंभलीला. नंदुरबार जिल्ह्यातलं गाव, आणि १९९८ पर्यंत नंदुरबार म्हणजे धुळे जिल्हाच. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. म्हणजे आधारचं माहेर आपलं! तेच आधार आपल्याला सुनौलीच्या पलीकडे का नेत नाही?

कारण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. "हा माणूस तोच आहे का?" एवढंच आधार सांगतं. "हा कुठल्या देशाचा?" हे ते सांगत नाही, आणि तसं २०१६ च्या आधार कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आधार हे रहिवाशाला मिळतं. वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेला परदेशी माणूससुद्धा ते काढू शकतो. याउलट मतदार यादीत नाव यायचं तर भारतीय नागरिक असावं लागतं, आणि आपला पासपोर्टही नागरिकालाच मिळतो. बिहारमध्ये २०२५ साली मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून केवढा वाद झाला! तेव्हाही सुप्रीम कोर्टानं ८ सप्टेंबरला आधार घ्यायला सांगितलं ते ओळखीसाठी, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. सीमेवर दुसरा प्रश्न विचारतात आणि आम्ही पहिल्याचं उत्तर घेऊन उभे. पेपरात असं केलं तर सर शून्य देतात!

मग म्हटलं, पासपोर्ट काढू. तिथे नवीनच भानगड. माझ्या जन्मदाखल्यावर नाव मराठीत. त्याचं इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये केलं गेलं, त्यात एक 'एच' कमी. आधार काढलं तेव्हा कोणीतरी तो 'एच' परत घातला. आईचं नाव माझ्या दाखल्यावर सासरचं, तिच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आता हे सगळं एका रेषेत आणायचं, मग अर्ज, मग पोलीस व्हेरिफिकेशन. तीन आठवड्यांत जमणारं नव्हतंच. मतदार नोंदणीही अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी कार्ड हातात, अशी नसते.

पण मतदान कार्ड माझ्याकडे आधीच का नव्हतं? अठरा पूर्ण होऊन दोन वर्षं झाली होती. याचं उत्तर लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण आमच्या विंगमधल्या बारा मुलींना मी विचारलं तेव्हा आठ जणींचं उत्तर तेच होतं. घरी विषय निघाला होता. कोणीतरी म्हटलं, "आत्ता कशाला? लग्न झालं की नाव बदलणार, पत्ता बदलणार. तेव्हाच एकदा काढू." आणि मी मान डोलावली. लायसन्सला असं कोणी म्हटलं नाही, कारण गाडी उद्या चालवायची होती. पॅनलाही नाही, कारण बँकेला पाहिजे होतं. ज्या कार्डावर मी या देशाची म्हणून नाव लागतं तेवढंच सासरच्या पत्त्याची वाट बघत थांबलं! बरं, लग्नानंतर पत्ता आणि नाव बदलायला आठ नंबरचा फॉर्म असतो. म्हणजे थांबायचं कारण मुळात नव्हतंच.

शेवटी बाबांची अट बाबांनीच मोडली. पैसे भरलेले होते, आणि आजीचा चेहरा कोणाला बघवत नव्हता. भुसावळ स्टेशनवर मी तिला गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, गोळ्यांचा डबा दिला आणि खाली उतरले. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी चाचपत होती.

नेपाळात शिरल्यावर तिचं सिम बंद पडलं. रोमिंग वगैरे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस काही खबर नाही. तिसऱ्या दिवशी पोखऱ्याहून काठमांडूचा प्रवास, म्हणजे तोच रस्ता, तीच नदी. मी लेक्चरला बसले होते पण फळ्यावर काय होतं ते विचारू नका. रात्री साडेनऊला कोणा दुसऱ्याच्या फोनवरून तिचा आवाज आला आणि मी गॅलरीत बसून रडले.

परत आल्यावर मी पहिलं विचारलं, "आजी, सीमेवर कार्ड बघितलं का नीट?" तर म्हणे, "माले कोनी काहीच इचारं नही!"

झालं! हे हॉस्टेलवर सांगितलं तर सगळ्यांनी मला धुतलं. "बघ, उगाच राहिलीस." "माझा मामा नुसत्या आधारवर जाऊन आला." "नेपाळला कोण विचारतं?" खरं आहे. सीमा उघडी आहे, रोज हजारो माणसं इकडून तिकडे जातात, प्रत्येकाला थांबवून विचारत नाहीत. बऱ्याच जणांचं आधारवर निभावतं. मग मी मांडतेय ते चूक का?

माझं मत असं की नाही. आपण इंजिनीअरिंगवाले, आपल्याला हे जास्त कळायला पाहिजे. घरातला फ्यूज वर्ष वर्ष उडत नाही, म्हणून आपण तो काढून तिथे तार जोडत नाही. पूल बांधताना रोजच्या लोडवर बांधत नाही. कागद हा सगळं सुरळीत असलेल्या दिवसासाठी नसतोच. बस दरीत गेली, दंगल उसळली, २०२० सारखी एका रात्रीत सीमा बंद झाली, बॅग चोरीला गेली, त्या दिवसासाठी तो असतो. परक्या देशात दवाखान्यात पडलेला माणूस स्वतःचं नाव सांगू शकत नसेल तर त्याच्या खिशातलंच काहीतरी बोलणार. कागद हरवले तर काठमांडूचा आपला दूतावास परतीसाठी तात्पुरता दाखला देतो, पण तो द्यायच्या आधी तुम्ही भारतीय आहात हे त्यांनाही कुठूनतरी कळावं लागतं.

हे मला आमच्या मेसच्या काकांनी जास्त नीट समजावलं. ते नेपाळचे. दरवर्षी दसऱ्याला गावी जातात, त्यांच्याकडे त्याला दशैं म्हणतात. मी माझं रडगाणं सांगितल्यावर त्यांनी आपल्या पाकिटातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक घडीचा कागद काढला. नागरिकता प्रमाणपत्र. नेपाळमध्ये सोळा वर्षं झाली की जिल्हा प्रशासन कार्यालयातून ते मिळतं. काका चौथी शिकलेत, आणि सोळाव्या वर्षी काढलेला तो कागद त्यांनी कधी अंगावेगळा केला नाही. मला त्यांनी एक प्रश्न विचारला, "दीदी, आपका कहाँ है?" मी म्हटलं, आमच्यात असा एकच कागद नसतो. ते हसले. त्यांना ते खोटं वाटलं असणार.

२२ जानेवारी २०२५ ला आपल्या पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ काय झालं तेही आठवा. लखनौहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, माणसं रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. गेलेल्यांमध्ये नेपाळचे नागरिकही होते. आपली माणसं मर्स्यांगदीहून नाशिकला आली, त्यांची जळगावहून नेपाळला गेली. ही सीमा आपल्याला वाटते तेवढी लांब नाही.

आणि "आमच्यात असा एकच कागद नसतो" हे मी काकांना म्हटलं, ते आपल्या बॅचला तर फारच लागू आहे. नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्यानुसार १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघंही नागरिक पाहिजेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आजी पहिल्या रांगेत, मी तिसऱ्या. म्हणजे माझा कागद पुरा व्हायला आईबाबांचा कागदही नीट लागतो, आणि आईच्या दाखल्यावर अजून माहेरचं नाव! ज्यांच्याकडे फाईल आहे, इंटरनेट आहे, इंग्रजी आहे अशा माझी ही गत. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलाचं काय होत असेल? म्हणून ज्याचे कागद अपुरे त्याला हसणं मी तरी सोडून दिलंय.

आता थोडं कामाचं. कॉलेजला प्रवेश घेताना आपण सगळ्यांनी फाईल केली. त्यात तहसीलदारांच्या सहीचा वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला आहे. त्यावर आपण भारतीय असं छापलेलंही आहे. पण तो प्रवेशासाठी. सीमेवर ओळखपत्र म्हणून त्याला धरत नाहीत. तेव्हा मतदार यादीत नाव घाला. २०२२ पासून वर्षातून चार तारखा झाल्यात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच भरता येतो. सहा नंबरचा फॉर्म. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी घरचा पत्ता द्यावा किंवा हॉस्टेलचा, पण एकाच ठिकाणी. भरताना जन्मदाखला, दहावीचं मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. माझा 'एच' लक्षात ठेवा!

सरांना आणि मॅडमना एक विनंती. दरवर्षी आपल्याकडे रक्तदान शिबिर होतं आणि छान होतं. एन.एस.एस. तर्फे तसंच एक दिवसाचं मतदार नोंदणी आणि कागद-दुरुस्ती शिबिर पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी का होऊ नये? निवडणुकीच्या वर्षी फलक लागतात तेवढ्यानं होत नाही.

मी अर्ज भरला. पुढचे दोन महिने आजीचा दर फोन एकाच वाक्यानं सुरू व्हायचा, "कारड उनं का?" अभ्यास कसा चाललाय हे नंतर! शेवटी पोस्टमननं ते गावच्या पत्त्यावर तिच्याच हातात दिलं. मी सुट्टीला गेले तेव्हा ते माझ्या हाती आलंच नाही. तिच्या कमरेच्या पिशवीत, तिच्या पिवळ्या कार्डाला चिकटून ठेवलेलं होतं. मागितलं तर म्हणाली, "तू हरावशी." आणि मग हळूच, बाबा ऐकत नाहीत ना हे बघून, "आते मुक्तिनाथ!"

– टी.ई. (मेकॅनिकल)